खिडकीसमोरचा थिरथिरा : एका हिवाळ्याच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

गेल्या हिवाळ्याची वही काढून बसले. थिरथिऱ्याच्या, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या त्या छोट्या पाहुण्या पक्ष्याच्या, तेवीस नोंदी सापडल्या आणि जवळपास प्रत्येकीपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय : "कालचाच." कशावरून कालचाच? त्याच कठड्यावर बसला, तशीच शेपूट थरथरवली, एवढाच पुरावा. म्हणजे माझी ओळख कठड्याशी होती, पक्ष्याशी कधी झालीच नाही.

यंदा ते नीट करायचं. कुठे जायचं नाही, यादीत नवी नावं वाढवायची नाहीत. एक खिडकी, रोज सकाळी साडेसातपासून पंधरा मिनिटं आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी चारलाही तेवढाच वेळ. जे दिसेल ते मोजायचं. थिरथिरा आला तर त्याचा असा एक तरी फोटो घ्यायचा की शेपटीचं पीस न् पीस मोजता यावं. फोटो देखणा नसला तरी चालेल, तो वाचता आला पाहिजे.

प्रश्न एकच : खिडकीसमोर येणारा थिरथिरा हा एक पक्षी आहे की अनेक?

कठड्याजवळ पाणी ठेवलं. मातीची पसरट थाळी, पाणी जेमतेम तीन सेंटिमीटर, मध्ये एक खडबडीत दगड. धान्य ठेवणार नाही. धान्यावर पारवे जमतात आणि पारवे जमले की बाकीचे फिरकत नाहीत. शिवाय हिवाळ्यात येणारे बहुतेक छोटे पाहुणे किडे खाणारे, त्यांना दाण्यांचा काय उपयोग? पाणी मात्र सगळ्यांना लागतं. थाळी रोज घासून पाणी बदलायचं, हे कामही वहीत खूण करून लिहायचं.

९ ऑक्टोबर

मांडणीचं गणित. माझ्याकडे ७०-३०० मिमीची लेन्स आहे, तिच्यातच भागवायचं. थिरथिरा चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १५ सेंमी. ३०० मिमीवर, चार मीटर अंतरावरून, त्याची प्रतिमा सेन्सरवर ११ मिमीच्या थोडी वर पडते. माझा सेन्सर साडेतेवीस मिमी रुंद, म्हणजे पक्षी जवळपास निम्मी चौकट व्यापतो. तोच बारा मीटरवरच्या उंबरावर बसला तर पावणेचार मिमी. पिसं मोजायची तर उंबर विसरायला हवं.

कठडा काचेपासून १.८ मीटरवर आहे. कॅमेरा खोलीत मागे नेऊन तिपाईवर बसवला, टेप लावून कठड्यापासून चार मीटर अंतर पक्कं केलं आणि फरशीवर खडूने तीन खुणा केल्या.

अडचण फोकसची. एफ/५.६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं तर, एवढ्या अंतरावर स्पष्ट दिसणारा पट्टा फक्त चार सेंमी खोल. डोळा स्पष्ट आला की शेपटीचं टोक धूसर. छिद्र लहान करून एफ/८ला तो पट्टा पावणेसहा सेंमीच्या आसपास जातो. त्यातही पक्षी कॅमेऱ्याला अगदी आडवा बसेल तेव्हाच चोच, पंख आणि शेपूट एका पातळीत येणार. तसा तो बसेपर्यंत थांबायचं.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिला पाहुणा करडा धोबी. पोट पिवळं, पाठ राखाडी, शेपूट अंगाच्या मानाने चांगलीच लांब. थाळीच्या कडेकडेने चालत गेला. दर दोन पावलांना शेपूट अशी आपटत होता की त्याला परीट म्हणणाऱ्याने धुण्याचा दगड जवळून पाहिलेला असणार.

मी शटरकडे हात नेला आणि तो उडाला. पडद्यामागे असूनही. हात सावकाश नेला असं मला वाटलं होतं, पण त्याच्या हिशेबात सावकाश नसणार. लहान पक्ष्यांची नजर आपल्यापेक्षा किती तरी वेगाने चालते. युरोपातल्या माशीमार पक्ष्यांवर केलेल्या मोजणीत त्यांना सेकंदाला १४०च्या आसपास लुकलुक वेगळी ओळखता येते असं दिसलं. आपली धाव साधारण साठापर्यंत. माझा हात त्याला टप्प्याटप्प्याने येताना दिसत असेल.

दुपारी पडदा बदलला. जुनी गडद चादर, तिला लेन्सपुरती फट, खोलीतला दिवा बंद. बाहेर लख्ख आणि आत काळोख असला की फटीतून आतलं काही दिसत नाही. शटर वायरने दाबायचं, हात मांडीवरच.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आला! सकाळी ७.४१.

आईने आधी पाहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली, "अगं, तुझा थरथऱ्या आलाय बघ!" आई त्याला थरथऱ्याच म्हणते आणि मला ते नाव पुस्तकातल्यापेक्षा जास्त पटतं. नर आहे. डोकं आणि पाठ राखाडी, गळा आणि छाती काळी, पण काळी म्हणावी तितकी नाही. राख भुरभुरवल्यासारखी. पोट विटकरी. कठड्यावर उतरला, दोनदा गुडघ्यात लवला, शेपूट थरथरली, थांबली, परत थरथरली. मग मुंगी टिपली.

हिमालयाच्या उंच उघड्या माथ्यांवर आणि त्यापलीकडच्या मध्य आशियात वीण करून आलेला हा पक्षी. पंधरा-सोळा ग्रॅम वजनाचा. काल रात्री कुठे होता कोण जाणे.

६२ फोटो काढले. एकही उपयोगाचा नाही. मागे आकाश असल्यामुळे कॅमेऱ्याने उजेडाचा अंदाज आकाशावरून घेतला आणि पक्षी काळा ठिपका झाला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आठवडाभराची दुरुस्ती. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, सव्वा ते दीड स्टॉप वाढवून पाहिलं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). काळ्या छातीतले बारकावे आले, पण आकाश पांढरंफटक झालं आणि पिसांच्या कडा त्यात विरघळल्या. कडाच तर मला हव्यात. मग सोपा मार्ग सुचला : तिपाई फूटभर उंच केली. आता लेन्स किंचित खाली बघते आणि पक्ष्यामागे आकाशाऐवजी उंबराची सावलीतली पानं येतात. उंबर बरंच मागे असल्याने पानं हिरवट धुक्यासारखी दिसतात, मध्ये काही लुडबुडत नाही.

खिडकी दक्षिणेला आहे हे नशीब. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, त्यामुळे सकाळी डावीकडून आणि दुपारनंतर उजवीकडून ऊन मिळतं. बाजूच्या उन्हात प्रत्येक पिसाला स्वतःची बारीक सावली पडते. समोरून पडणारं ऊन रंग छान दाखवतं, पण पिसं सपाट करून टाकतं.

शटर १/१००० सेकंद. त्याखाली गेलं की शेपटीचा नुसता विटकरी फराटा उमटतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, सकाळी ८०० ते १६००. फोटोत थोडे दाणे दिसतात, दिसू देत.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस माशीमाराचा. उंबराच्या आतल्या फांदीवरून गेले तीन-चार दिवस "ट्रर्रर्र" असा कोरडा आवाज येत होता, घड्याळाला किल्ली दिल्यासारखा. आज तो थाळीवर उतरला. इवलासा, थिरथिऱ्याहून बराच लहान. तपकिरी पाठ, मळकट पांढरं पोट, टपोरा डोळा, शेपूट झटक्यात वर. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग.

लाल छातीचा माशीमार की त्याच्यासारखाच दिसणारा तैगा माशीमार? दोघांच्या माद्या आणि लहान नर लांबून सारखेच. इथे फोटोने काम केलं. चोचीचा खालचा भाग मुळाशी फिका होता आणि शेपटीचं मूळ वरून झाकणारी पिसं शेपटीपेक्षा काळी नव्हती. तैगामध्ये चोच सगळी गडद आणि ती पिसं काळीभोर असतात. म्हणजे लाल छातीचा, छाती मात्र अजून लाल नाही. मादी असेल किंवा पहिल्या वर्षाचा नर.

याच्या वाटेचं मला फार अप्रूप वाटतं. पूर्व युरोपपासून पुढच्या जंगलांत वीण करणारा हा पक्षी. तिथले बहुतेक किडेखाऊ पक्षी थंडीत आफ्रिकेकडे जातात, हा मात्र पूर्वेकडे वळून भारतीय उपखंडात येतो. शेजारचे सगळे एका दिशेला निघालेले असताना दहा ग्रॅमचा जीव दुसऱ्या दिशेला उडतो आणि बरोबर पोचतो.

बाकी : हिरवट वटवट्या १ (फक्त आवाज), शिंपी २, दयाळ १, बुलबुल ४, जांभळा शिंजीर १ जोडी.

१७ नोव्हेंबर, रविवार

महत्त्वाची नोंद.

रात्री सकाळचे फोटो मोठे करून बघत होते. ७.३८चा एक फोटो अगदी आडवा आणि शेपूट पसरलेली. थिरथिऱ्याच्या शेपटीत बारा पिसं, मधली दोन गडद तपकिरी, बाकीची विटकरी. डावीकडून मोजत गेले. सगळ्यात बाहेरचं पीस बाकीच्यांपेक्षा चारेक मिमी आखूड! टोक गोल नाही, तिरकं तुटलेलं, आणि तुटल्या जागी मधली काडी पांढऱ्या टाचणीसारखी बाहेर आलेली.

लगेच मागचे फोटो काढले. ९ नोव्हेंबर : आहे. ३ नोव्हेंबर : आहे. २७ ऑक्टोबरचा धूसर आहे, पण शेपटीला डावीकडे पायरी दिसतेच. त्याआधीचे सगळे आकाशात विरघळलेले.

म्हणजे तीन आठवडे तरी हा एकच पक्षी. पहिल्यांदा "कालचाच" असं लिहिताना हातात काहीतरी आहे. १८९९ साली डेन्मार्कमध्ये हान्स क्रिश्चन मॉर्टेनसन यांनी पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली ती याचसाठी, की हा तोच हे खात्रीने सांगता यावं. मला पक्षी पकडायचा नाही, तो अधिकारही माझा नाही. त्याचं तुटकं पीस हेच माझं कडं.

१ डिसेंबर, रविवार

वाईट सकाळ.

७.५०च्या सुमाराला बंद काचेवर थाडकन आवाज झाला. माशीमार. उंबरावर शिक्रा आला होता, सगळे एकदम उडाले आणि थाळीवरचा हा काचेत दिसणाऱ्या उंबराकडे झेपावला. खाली फरशीवर पंख अर्धवट पसरून बसला होता, चोच उघडी, डोळा मिटत होता.

पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं घालून त्याला आत ठेवलं. उचलताना वजन जाणवलंच नाही, फक्त ऊब लागली आणि तळहाताला घड्याळाच्या कितीतरी पुढे धावणारी धडधड. पाय काडेपेटीच्या काडीहून बारीक, नखांची टोकं सुईसारखी. खोक्याचं झाकण लावलं, भोकं आधीच पाडली होती. पाणी पाजायचं नाही, खायला घालायचं नाही, उघडून बघायचं नाही. अंधार आणि शांतता एवढंच औषध. आई दाराशी उभी राहून हळू आवाजात विचारत होती, "हललं का गं काही?" चाळीस मिनिटांनी आतून खरखर ऐकू आली. खोकं गॅलरीत नेऊन झाकण उघडलं. क्षणभर बसला आणि सरळ उंबरात गेला.

कॅमेरा जवळच होता. फोटो काढला नाही आणि असल्या वेळी कधी काढणारही नाही.

चूक पूर्णपणे माझी. थाळी काचेपासून पावणेदोन मीटरवर, म्हणजे नेमकी वाईट जागा. घाबरून उडालेल्या पक्ष्याला तेवढ्या अंतरात पुरता वेग मिळतो. थाळी एक मीटरच्या आत असली तर धडकला तरी वेग कमी असतो. लांब ठेवायची तर चांगली दहा मीटर. एकट्या अमेरिकेत दरवर्षी इमारतींना धडकून मरणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज ३६ कोटी ५० लाख ते जवळपास १०० कोटी इतका आहे. हे आकडे मी आधी वाचलेले होते. वाचूनही थाळी तिथे ठेवली होती.

७ डिसेंबर, शनिवार

काम पूर्ण. काचेला बाहेरच्या बाजूने पांढरे ठिपके, आडवे-उभे दोन्हीकडे पाच-पाच सेंमीवर. आतून लावले तर प्रतिबिंब तसंच राहतं, म्हणून बाहेरूनच. एकच मोठं ससाण्याचं चित्र चिकटवून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेतून जायला बघतो. स्टूल, टेप, पट्टी, दोघी जणी आणि अख्खी दुपार. आईने खालून ओळ सरळ येते का ते पाहिलं.

थाळी काचेपासून साठ सेंमीवर आणली. आता ती कॅमेऱ्यापासून २.८ मीटरवर आहे. लेन्सला तेवढं जवळ चालतं, पण तिथे एफ/८लाही फोकसचा पट्टा तीन सेंमीच्या आत. थाळीवरचे फोटो बिघडतील. थिरथिरा कठड्यावर बसतो तोवर माझं अडत नाही. फोटो सरकत्या तावदानाच्या उघड्या बाजूने, चादरीच्या फटीतून घ्यायचे, म्हणजे ठिपके मध्ये येत नाहीत.

माशीमाराचा आवाज आज आला. उंबरात, उजवीकडून.

२२ डिसेंबर, रविवार

काल सर्वात लहान दिवस झाला, पण कठड्यावर ऊन आज कालच्याही नंतर आलं. दिवस वाढायला लागले तरी इथे सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जाणार. साडेसातची वेळ बदलत नाही, रोजची तुलना मोडेल. आयएसओ १६०० करावा लागतो एवढंच.

दुसरी गडबड : कॅमेऱ्याचं घड्याळ. गेल्या आठवड्यात बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली आणि तेव्हापासून घड्याळ बारा तासांनी चुकलंय. सकाळी ७.४०चा पक्षी फोटोत संध्याकाळचे ७.४० दाखवतोय. सरळ बारा तासांचा फरक म्हणून लक्षात तरी आला. चाळीस मिनिटांनी चुकलं असतं तर कधीच कळलं नसतं. आजपासून नियम : दिवसाचा पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा.

५ जानेवारी २०२५, रविवार

हे लिहिताना अजून धडधडतंय.

सकाळी ७.४४ : थिरथिरा कठड्यावर, डावं बाहेरचं पीस तुटकं. नेहमीचा.
दुपारी ४.१२ : थिरथिरा कठड्यावर. फोटो काढले, विशेष काही वाटलं नाही. रात्री उघडले तर शेपूट अख्खी. बाराच्या बारा पिसं, डावीकडचं टोक गोल.

आधी मनात आलं, पीस नवं उगवलं असेल. पण तसं होत नाही. पीस मुळापासून उपटलं गेलं तर त्या जागी नवं येतं. मध्येच तुटलेलं मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसंच राहतं. आणि साडेआठ तासांत तर काहीच उगवत नाही. दोन पक्षी आहेत.

मग दुपारचे जुने फोटो एकेक करून पाहिले. शेपूट वाचता येईल असे नऊ निघाले, १६ नोव्हेंबरपासूनचे. नऊच्या नऊ अख्ख्या शेपटीचे! सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, आणि मी पन्नास दिवस दोघांना एकाच नावाने हाक मारत होते. १७ नोव्हेंबरला "हा एकच पक्षी" असं लिहिलं, त्याच्या आदल्या दिवशीच दुसरा माझ्या कार्डात बसलेला होता. तुटकं पीस सापडल्याच्या आनंदात मी फक्त सकाळचे फोटो तपासले. दुपारचे उघडावेत असं सुचलंही नाही.

११-१२ जानेवारी, शनिवार-रविवार

दोन्ही दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत खिडकीशी. आता नावं हवीत, म्हणून सकाळचा तो "तुटक्या" आणि दुपारचा "अख्ख्या".

तुटक्या ७.३५ ते ११.१०पर्यंत अधूनमधून. शेवटी कठड्यावरून डावीकडच्या गच्चीवर गेला. दुपारभर कोणी नाही. ऊन चढलं की पलीकडच्या पत्र्यावरून गरम हवेच्या लहरी उठतात, तेव्हा फोटो तसेही धूसर येतात. ३.४० वाजता अख्ख्या उजवीकडून आला. रविवारी ३.५५ला तुटक्या परत आला आणि मला जे हवं होतं ते दिसलं : दोघं एकाच चौकटीत, एक सेकंदभर. अख्ख्या कठड्याच्या टोकाला, तुटक्या अंगावर धावून येताना, पंख पूर्ण उघडे. चौदा फोटोंची सलग मालिका, त्यातल्या तीनमध्ये दोन्ही शेपट्या. अख्ख्या उजवीकडे पळाला. तुटक्या कठड्यावर बसून लवत राहिला.

थिरथिरे हिवाळ्यातही आपापली जागा राखून असतात. माझा कठडा बहुधा दोघांच्या हद्दीवर आहे. "माझा" हा शब्द आता जरा जपून वापरायला हवा.

२६ जानेवारी, रविवार

पुढच्या वर्षाचा विचार. तुटक्या पुन्हा आला तर मला कळेल का? नाही कळणार. वीण संपली की उन्हाळ्याच्या अखेरीस थिरथिरे जुनी पिसं टाकून नवी घेतात. तुटकं पीस कुठल्या तरी डोंगरात गळून पडेल आणि तो अख्खी शेपूट घेऊन येईल. माझं कडं एका हंगामापुरतंच.

म्हणून पिसांखेरीज काही सापडतं का ते बघायला सगळे चांगले फोटो पहिल्यापासून लावले. चोच, डोळ्याभोवती, पाय. तीन रात्री गेल्या. काल रात्री मिळालं : उजव्या पायाच्या मधल्या बोटाला नख नाही. बोट टोकाला गोल आहे, बाकी बोटांवर काळी नखं स्वच्छ दिसतात. सात वेगवेगळ्या दिवसांच्या फोटोंत तेच. नुसतं झिजलेलं नख पुन्हा वाढतं, पण हे बोटच टोकाला आखूड आहे. ही खूण पीसगळीने जाणार नाही.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बिचारा. आणि एवढ्या लांबून येतो."

१४ ते १७ फेब्रुवारी

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे चार दिवस. १९९८ साली सुरू झालेली ही मोजणी २०१३पासून जगभर होते. निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसले-ऐकले ते सगळे पक्षी मोजायचे आणि यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर द्यायची. माझी रोजची पंधरा मिनिटं तशीच आहेत, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. चारही दिवस पूर्ण यादी दिली. पूर्ण यादीत जो पक्षी नाही तो तिथे आढळला नाही असं धरता येतं, म्हणून कावळा, चिमणी, पारवा काही गाळायचं नाही.

शुक्रवारची यादी : पारवा १७, कावळा ६, चिमणी ५, बुलबुल ६, दयाळ १, शिंपी २, शिंजीर ३, तांबट १ (आवाज, यंदा पहिल्यांदाच सलग ठोकत होता), हिरवट वटवट्या १, लाल छातीचा माशीमार १, राखी कोतवाल १, थिरथिरा १ (तुटक्या), भोरड्या सुमारे १८०.

भोरड्या मोजायची रीत : थव्यातले दहा नीट मोजायचे, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जायचे. अठरा तुकडे झाले. रविवारी फोटोवरून एक थवा ठिपके ठेवून मोजला. अंदाज १२०, प्रत्यक्षात १४३. म्हणजे माझा अंदाज कमी पडतो. पुढच्या वेळी लक्षात ठेवायचं, जुन्या याद्या मात्र बदलायच्या नाहीत.

२ मार्च, रविवार

तुटक्याचे पाच फोटो शेजारी शेजारी लावले : नोव्हेंबरपासून दर महिन्याचा एक. ऊन तेच, वेळ तीच, बसण्याची तऱ्हा तीच. पहिल्या फोटोत छातीवर राख भुरभुरलेली. प्रत्येक काळ्या पिसाला फिकट राखाडी कड आहे. डिसेंबरात कड अरुंद. जानेवारीत गळ्यावर काळं एकसंध. आज छाती कोळशासारखी काळी आणि कड फक्त बाजूंना, तीही विरलेली.

मधल्या काळात एकही नवं पीस आलेलं नाही. तुटकं पीसच त्याची साक्ष देतं. फिकट कडा झिजून गेल्या आणि खालचा काळा रंग वर आला, एवढंच. विणीच्या हंगामात मिरवायचा रंग तो ऑक्टोबरातच अंगावर घेऊन आला होता, वर राखेचं आवरण होतं. रोज कठड्यावर, गवतात, फांद्यांत घासून ते आवरण जातं आणि परतीच्या वेळेला तो तयार असतो. हे पुस्तकात वाचलं होतं. पण माझ्याच खिडकीतल्या एका पक्ष्याच्या पाच फोटोंत ते उतरताना पाहिलं आणि बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

यंदाच्या ४,३०० फोटोंतून मी कोणाला काही दाखवणार असेन तर हे पाच.

१६ मार्च, रविवार

अख्ख्या १ मार्चनंतर नाही. माशीमार ११ तारखेपासून नाही. कोकीळ पहाटे ओरडू लागलाय, हिवाळाभर तो इथेच होता, गप्प.

तुटक्या सकाळी ७.३१ ते ७.४६ जवळपास पूर्ण वेळ समोर, एकोणीस वेळा खाली झेपावला. जानेवारीत पंधरा मिनिटांत सहा-सातच्या वर जात नसे. पोट गोल दिसतंय. लांबच्या उड्डाणाआधी पक्षी असेच अधाशासारखे खातात आणि कातडीखाली चरबी साठवतात.

२४ मार्च

७.३४. थिरथिरा १ (तुटक्या). आडवा बसला. पायाचा फोटो मिळाला.

२५ मार्च

थिरथिरा ०. रात्री आकाश निरभ्र होतं.

३० मार्च, रविवार

थिरथिरा ०, दुपारीही ०. आईने दोनदा येऊन विचारलं.

गेल्या वर्षीचे मोबाइलवरचे फोटो शोधून काढले. थिरथिऱ्याचे सहा. चार नुसते ठिपके. पाचव्यात पाठ. सहावा जानेवारी २०२४चा, बऱ्यापैकी जवळून, पक्षी आडवा, डावा पाय स्पष्ट. उजवा पाय कठड्याच्या लोखंडी पट्टीमागे.

मोठा करून, उजेड वाढवून, सगळं करून पाहिलं. पट्टीच दिसते.

६ एप्रिल, रविवार

७.३० ते ७.४५. थिरथिरा ०, सलग तेरावा दिवस. वटवट्याचा आवाज अजून आहे. दयाळ १, गातोय. शिंपी २, बुलबुल ४, तांबट २. कठड्याची ती लोखंडी पट्टी काल काढून घेतली, तिच्या जागी बारीक तार लावली. थाळी घासली, पाणी भरलं.